वाट मोकळी करणारे

मंगळवार, 16 डिसेंबर 2025, इंदूर

विजय दिवसाच्या कार्यक्रमाला आज रामबागेकडच्या एका शाळेत गेलो होतो. बाईंनी आधीच बजावलं होतं, "सुभेदारसाहेब, मुलांना शौर्याच्या गोष्टी सांगा बरं का." शौर्याच्याच सांगितल्या. दोन, आणि दोन्ही आमच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर दलाच्या.

पहिली 1941 ची. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत. अ‍ॅबिसिनियाच्या मोहिमेत इटालियन फौज माघार घेताना रस्त्यांत सुरुंग पेरून गेली होती. भगत चार दिवस सगळ्यांच्या पुढे राहून ते काढत गेले. 15 सुरुंगक्षेत्रं, 55 मैल. गाडी दोनदा उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी काम दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसरी एप्रिल 1948 ची. कारवारकडचे रामा राघोबा राणे, नौशेरा ते राजौरीच्या रस्त्यावर, जखमी अंगानं सुरुंग आणि आडवी टाकलेली झाडं हटवत रणगाड्यांना वाट करून देत होते. त्यांना परमवीर चक्र मिळालं, तेही हयातीत.

मुलांना मग मी विचारलं, या दोघांमध्ये सारखं काय? मागच्या बाकावरचा एक बारका मुलगा उठून म्हणाला, "दोघांनी बॉम्ब काढले, लावले नाहीत." मला जे सांगायला अर्धा तास लागला असता ते त्यानं एका वाक्यात सांगून टाकलं. सुरुंग पेरल्याबद्दल आमच्याकडे कुणाला असं मोठं पदक मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि पेरायचं काम तर आम्हीच केलं.

13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला आणि पाकिस्तान सीमेवर फौजा उभ्या करायचं 'ऑपरेशन पराक्रम' सुरू झालं. आमची कंपनी पंजाबात, सीमेलगतच्या शेतांत. गहू वीतभर वर आलेला. शेतकऱ्यांनी ट्रॉल्यांवर खाटा, भांडी, म्हाताऱ्यांना बसवून गावं रिकामी केली आणि आम्ही ओळी आखून माइन लावायला सुरुवात केली. माणसासाठीची जी लहान माइन असते ती बुटाच्या पॉलिशच्या डबीपेक्षा फार मोठी नसते. अंग सगळं प्लास्टिकचं. वरून दहा-पंधरा किलोंचा दाब पडला की पुरे. तीन वर्षांच्या पोराचं वजन तेवढं भरतं. तिच्यानं माणूस बहुतेक वेळा मरत नाही, पाऊल जातं. ती बनवलीच त्यासाठी आहे, कारण मेलेल्याला तिथंच ठेवून पुढे जाता येतं, जखमीला उचलायला मात्र दोघं-चौघं अडकतात. शाळेत हे बोललो नाही. इथे लिहून ठेवतो.

काढणं त्याहून अवघड. पोटावर आडवं व्हायचं, प्रॉडर, म्हणजे चाचपायची टोकदार सळई, जमिनीत तिरका, तीसएक अंशांत घालायचा, बोटांनी अंदाज घेत. उभा घातला तर टोक थेट माइनच्या डोक्यावर बसेल. कडक काही लागलं की थांबायचं, हातानं आणि ब्रशनं बाजूची माती सारायची, कड दिसेपर्यंत. मग पुढची वीत. रेकॉर्डमध्ये प्रत्येक ओळ लिहिलेली असते, पण पावसानं माती वाहते, राजस्थानात वाळू सरकते, उंदीर-घुशी उकरतात. कागदावर एक जागा, जमिनीत दुसरी. लावलेल्या आणि काढलेल्या आकड्यांत एकाचा जरी फरक आला तरी ती सगळी पट्टी पुन्हा. आणि बांधावर शेतकरी उभा. तो काही बोलत नसे. फक्त पेरणीची वेळ निघून चालली आहे हे त्यालाही कळत होतं, मलाही.

युद्ध झालंच नाही. ऑक्टोबर 2002 मध्ये फौजा मागे घ्यायचं ठरलं. पुढच्या वर्षी संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, 'पराक्रम'मध्ये 798 जवान गेले. कारगिलच्या प्रत्यक्ष लढाईत 527 गेले होते. न झालेल्या युद्धाची ही किंमत. सुरुंग लावताना-काढताना गेलेले, दारूगोळ्याच्या आणि गाड्यांच्या अपघातांत गेलेले. विजय दिवसासारखा त्यांचा कुठला दिवस नसतो. गावकऱ्यांचे गेलेले हातपाय, मेलेली जनावरं यात धरलेलीच नाहीत.

शाळेत सुरुंग नकोत एवढं म्हणालो, तर एका मुलीनं विचारलं, "आजोबा, मग शत्रू आला तर काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. मी म्हटलं, बंदूक माणसाच्या हातात असते, आणि युद्धबंदी झाली की माणूस बोट मागे घेतो. सुरुंगाला युद्धबंदी कळत नाही. सैनिक कोण आणि गुरं वळणारं पोर कोण, हेही त्याला कळत नाही. बाई घड्याळ पाहू लागल्या होत्या. थांबलो.

गुरुवार, 18 डिसेंबर

काल रात्री मेहुणा आला होता. सराफ्यातल्या खाऊगल्लीतून गराडू, म्हणजे तळलेला कंद, घेऊन आला, गप्पा चांगल्या चालल्या होत्या, आणि मग शाळेचा विषय निघाला. म्हणाला, "भाऊजी, पेन्शन फौजेची खाता आणि फौजेविरुद्ध बोलता?"

राग आला. पण त्याला बसवून सांगितलं. अ‍ॅडमिरल रामदास 1990 ते 93 नौदलप्रमुख होते. निवृत्तीनंतर अलिबागजवळ शेती करत भारत-पाकिस्तान मैत्रीसाठी आणि अण्वस्त्रांविरुद्ध शेवटपर्यंत झटले. 2004 मध्ये पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांच्यासोबत त्यांना मॅगसेसे मिळालं. अमेरिकेच्या मरीन्समधला बॉबी मुलर 1969 मध्ये व्हिएतनाममध्ये पाठीच्या कण्यात गोळी लागून कायमचा व्हीलचेअरवर गेला. पुढे कंबोडियात सुरुंगांनी पाय तोडलेली माणसं त्यानं पाहिली, आणि 1992 मध्ये सुरुंगबंदीची जी जागतिक मोहीम उभी राहिली तिच्या पायाभरणीत तो होता. 1997 मध्ये त्या मोहिमेला आणि तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना शांततेचं नोबेल मिळालं, त्याच वर्षी डिसेंबरात ओटावाला बंदीचा करार झाला. त्याआधी 1996 मध्ये अमेरिकेच्या 15 निवृत्त वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांनी राष्ट्राध्यक्षांना जाहीर पत्र लिहून बंदीची मागणी केली होती. आखाती युद्धाचे सेनापती नॉर्मन श्वार्झकॉफ त्यात होते. ही सगळी फौजेविरुद्धची माणसं म्हणायची?

"ते ठीक आहे," तो म्हणाला, "पण आता तेच युरोपवाले बाहेर पडतायत ना?" खरं आहे. एस्टोनिया, लॅट्व्हिया, लिथुआनिया, फिनलंड, पोलंड, सगळ्यांनी रशियाच्या भीतीनं यंदा करार सोडायचं ठरवलं. मला याचंच सर्वांत जास्त वाईट वाटतं. भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण आज पेरलेलं काढायला कुणाला तरी पोटावर झोपावं लागणार, आणि तो आज जन्मलेला मुलगाही असू शकतो. आपल्या देशानं तर सही केलेलीच नाही. सीमा लांब आहे, तितकाच उपयोगी पर्याय हाती आल्याशिवाय सुरुंग सोडता येत नाहीत, हे सरकारचं म्हणणं. आपण माइनमध्ये धातू घातला, डिटेक्टरला सापडावी म्हणून, तेवढं चांगलं केलं. तेवढ्यानं भागत नाही.

मेहुणा उठताना म्हणाला, "तुमचं तुम्हाला माहीत." ही त्याला दारापर्यंत सोडून आली आणि मला म्हणाली, "उद्या पत्र पुरं करा."

आज पुरं केलं. खासदारांना द्यायचं आहे. मागण्या साध्या. भारतानं ओटावा करारात सामील व्हावं, निदान कधी होणार ते सांगावं. सीमेवरच्या गावांत सुरुंगांनी जायबंदी झालेल्या प्रत्येकाची यादी जाहीर करावी. कृत्रिम पाय झिजतो, पोर वाढलं की आखूड पडतो, म्हणून तो बदलून देण्याचा खर्च आयुष्यभर सरकारनं उचलावा. रविवारी हे घेऊन महूला जातोय, तिथे आमच्या कंपनीतले दोघं राहतात. एकानं फोनवर सही करतो म्हटलंय. दुसरा नाही म्हणाला. त्यानंच माझ्या शेजारच्या पट्टीत माइन काढल्यात, म्हणून त्याच्याकडे आधी जाणार आहे.