चढायचं पायी, उतरायचं जीपने

दिवाळी झाली की आम्हा फिजिओथेरपिस्ट मंडळींकडे पुण्यात एक ठरलेली गर्दी होते. थंडीत रेंज ट्रेक (सलग काही दिवस एका गडावरून दुसऱ्या गडावर चालत जायचं) करायचे असतात आणि सरावातच गुडघे कुरकुरायला लागलेले असतात. हे काका त्यातलेच. वय 56, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती, आणि डोक्यात सिंहगड-राजगड-तोरणा-रायगड. एका साध्या ट्रेकला उतरताना डावा गुडघा बाहेरच्या बाजूने असा धरला की शेवटचा टप्पा त्यांना आडवं आडवं उतरावं लागलं होतं. एमआरआय स्वतःच करून आणलेला. (आजकाल सगळेच आणतात.) वयाला शोभेल इतपत झीज, बाकी काही नाही.

"सराव काय करता, काका?"

"दर रविवारी सिंहगड. पाठीवर 8 किलो. तासाच्या आत वर."

इतका सराव असलेल्या माणसाचा गुडघा सोप्या उतारावर का रुसावा? खोलीतल्या खाटेवर झोपवून हे कळणारं नव्हतं, म्हणून रविवारी मीच त्यांच्याबरोबर गेले.

आतकरवाडीकडून चढलो. काका सपासप पुढे, दम मला लागलेला. वर ताक प्यायलो, आणि काका सरळ जीपच्या दिशेने चालायला लागले.

"इकडे कुठे?"

"खाली जायला. उतरताना गुडघे झिजतात, म्हणून मी कधीच चालत उतरत नाही. गुडघे जपतो."

निम्मं निदान तिथेच झालं. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू लांबत लांबत ब्रेकचं काम करतो, आणि या कामाची सवय उतरूनच होते. काकांचं इंजिन उत्तम होतं, ब्रेक कधी वापरलेच नव्हते.

त्यांची सॅक मी घेतली आणि पायवाटेने उतरायला लावलं. मी खालून बघत होते. उंच दगडावरून उजवा पाय खाली सोडला की डावा गुडघा आत पडायचा, कंबर एका बाजूला कलायची आणि उजवी टाच दणकन आदळायची. अर्ध्या वाटेत मांड्या थरथरायला लागल्या. बसवून बूट काढायला सांगितले, तर दोन्ही अंगठ्यांची नखं निळी. लेस घोट्यापाशी ढिली, त्यामुळे प्रत्येक पावलाला बोटं बुटाच्या टोकावर आपटत होती. टाच मागे ठोकून बसवली, घोट्यापाशी लेस आवळली, तेव्हा पुढची वाट जरा बरी गेली.

सिंहगड ते रायगड या ट्रेकबद्दल बोलताना सगळे चढच मोजतात. पण सिंहगडाच्या कल्याण दरवाजातून उतरायचं, राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या धारेला लागायचं, आणि तोरण्यानंतर सिंगापूरच्या नाहीतर बोराट्याच्या नाळेने थेट कोकणात. नाळ म्हणजे डोंगरातली अरुंद, तीव्र उताराची घळ, नुसते दगडधोंडे आणि घसारा, तेही पाय आधीच थकलेले असताना. रायगडाचा चढ त्यानंतर.

काकांना सांगितलं, या डिसेंबरची बॅच सोडा. भरलेले पैसे आयोजकांनी परत दिले नाहीत, तो राग काही दिवस माझ्यावर निघाला. घरच्या जिन्याच्या पायरीवर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंदांत खाली टेकवायची, गुडघा आत पडू न देता. आरसा समोर. त्यासोबत कंबरेच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम. सिंहगड चालूच, पण आता चालत उतरायचं: आधी रिकाम्या पाठीने, मग थोडं थोडं वजन वाढवत, हातात दोन काठ्या, पावलं आखूड. काठ्यांना त्यांचा विरोध होता, "म्हाताऱ्यासारखं दिसतं". तो वाद मी घातलाच नाही, फक्त एकदा काठ्यांशिवाय आणि एकदा काठ्यांसह उतरवलं. ट्रेकच्या आधीच्या आठवड्यात मात्र गड बंद, नुसतं सपाटीवर चालणं.

पुढच्या हिवाळ्यात ते ट्रेकला गेले. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी फोन.

"गुडघा गप्प होता. पण मांड्या! कमोडवर बसताना आई आठवते."

"दोन-तीन दिवस दुखणारच. जिना कठडा धरून उतरा, आणि हलकं चालत राहा."

"आणि पुढचा शनिवार?"

"कशाला?"

"राजमाचीला जायचंय. उतरायला कोंढाण्याची वाट धरू, की लोणावळ्याकडून परत येऊ?"

म्हटलं, आधी मांड्या शांत होऊ द्यात, मग सांगते.