तीन गाणी, तीन अर्ज: कव्हर नक्की कशाला म्हणायचं?

गाणी ऑनलाइन प्रसिद्ध करून देणाऱ्या सेवेच्या अर्जात पहिलाच प्रश्न होता: मूळ रचना की कव्हर, म्हणजे आधी रेकॉर्ड झालेलं दुसऱ्याचं गाणं आपण पुन्हा गाऊन केलेलं रेकॉर्डिंग? त्याखाली गीतकार, संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाचे मालक असे वेगवेगळे रकाने. कोथरूडमधला आमचा गाण्याचा गट हौशी. सोसायटीच्या गणपतीत, कोजागिरीला गातो. हौशी मंडळ तिकीट न लावता गात असेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्याला सूटच आहे. यंदा मात्र स्टुडिओत जाऊन तीन गाणी रेकॉर्ड करायची ठरली होती. रेकॉर्डिंगला ही सूट नाही.

वकिली करणाऱ्या माझ्या भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, आधी प्रत्येक गाणं सुटं कर. शब्द कुणाचे, चाल कुणाची आणि तुम्ही ऐकता ते रेकॉर्डिंग कुणाचं? तिन्हींचे हक्क वेगळे असतात." पुढची सगळी खटपट या एका वाक्यावर चालली.

पहिलं गाणं 'संगीत स्वयंवर'मधलं नाट्यपद. नाटक १९१६ चं. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, ते १९४८ साली गेले. चाल भास्करबुवा बखल्यांची, ते १९२२ साली गेले. आपल्याकडे शब्द आणि चाल या दोन्हींवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे हे पद आता सर्वांचं आहे. भास्करबुवांनी १९११ साली स्थापन केलेला भारत गायन समाज आमच्या पुण्यातच आहे, त्यामुळे या पदाबद्दल मला वेगळीच ओढ. तरीही एखाद्या थोर गायकाने १९७० नंतर केलेलं त्याच पदाचं रेकॉर्डिंग मुक्त होत नाही, कारण रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं चालतो. आम्ही त्यातला एक तुकडाही उचलला नाही. पेटी, तबला, व्हायोलिन सगळं आमचंच.

यावरून आमच्या पेटीवाल्या काकांना वाटलं की मग गीतरामायणही घेता येईल, १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेलं, म्हणजे सत्तर वर्षं होऊन गेली. भाचीने त्यांना समजावलं: "काका, गाणं कधी आलं ते नाही मोजायचं, कर्ता कधी गेला ते बघायचं." गदिमा १९७७ साली गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत हक्कात आहेत. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, २००२ साली गेले, त्यांची चाल २०६२ पर्यंत. काकांना वाईट वाटलं, पण मला हा नियम योग्यच वाटतो. ज्यांनी चाल बांधली त्यांच्या घरच्यांना विचारूनच पुढे जावं.

दुसरं गाणं तुकोबांचा अभंग, त्याचं सोपं होतं. शब्द सतराव्या शतकातले. पण आमच्या कानात बसलेली चाल एका हयात संगीतकाराची होती. काकांनी स्वतःची नवी चाल बांधली, आणि अर्जात आम्ही 'पारंपरिक शब्द, नवी चाल' असं लिहिलं. ते कव्हर उरलंच नाही.

खरा वेळ खाल्ला तो तिसऱ्या गाण्याने, भावगीताने. शब्द आणि चाल दोन्ही हक्कात. भाचीने कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी वाचून दाखवलं. २०१२ च्या दुरुस्तीत आलेल्या या कलमात 'कव्हर व्हर्जन'ची नीट व्याख्याच आहे. पहिलं रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं जावी लागतात. हक्कधारकाला आणि कॉपीराइट निबंधकांना किमान पंधरा दिवस आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, आणि तीही प्रत्येक गाण्याच्या वर्षाला किमान ५०,००० प्रतींसाठी. एखाद्या भाषेतल्या गाण्यांसाठी ही किमान संख्या कमी ठरवण्याची तरतूद आहे, तरी आमच्यासारख्या गटाला तो आकडा ऐकूनच घाम फुटला. आधीच्या गायकाचं नाव किंवा फोटो कुठेही वापरायचा नाही, आणि हे कव्हर आहे असं स्पष्ट छापायचं. ऐंशीच्या दशकात जुनी गाणी नव्या आवाजात गाऊन काढलेल्या कॅसेटा ज्यांनी घेतल्या असतील, त्यांना मूळ गायकाचं समजून होणारी फसगत, म्हणजेच या अटीमागचं कारण, सांगायला नको.

सगळ्यात महत्त्वाची अट बदलाची. मूळ हक्कधारकाच्या संमतीवाचून शब्दांत किंवा चालीत फेरफार नाही, तांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य असेल तेवढाच चालतो. मूळ गाणं पुरुषाच्या आवाजात काळी एक या पट्टीत, मी गाते काळी चारमध्ये. पट्टी बदलणं भाचीच्या मते निभावून जाईल. पण दुसरा अंतरा गाळून तिथे लांब आलाप घ्यायचा होता, तो या कलमात बसत नव्हता. आणि कलम फक्त ध्वनिमुद्रणापुरतं आहे, व्हिडिओला वेगळी परवानगी लागते.

म्हणून आम्ही कलमाची वाट सोडली आणि सरळ परवानगी मागितली. जुन्या तबकडीवर ज्या कंपनीचं नाव होतं तिच्याकडे रेकॉर्डिंगचे हक्क होते, शब्द-चालीचे हक्क दुसरीकडे निघाले. ते शोधण्यातच पावसाळा गेला. पत्रात आम्ही सगळं मोकळेपणाने लिहिलं: कोण गाणार, पट्टी कोणती, आलाप कुठे, तयार कराओके ट्रॅक वापरणार नाही, कारण तो ट्रॅक हेसुद्धा कुणाचं तरी रेकॉर्डिंग असतं. उत्तरात आलापाला होकार आला, अंतरा गाळायला नकार. खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं. तो अंतरा गाळला असता तर गाणं अर्धंच राहिलं असतं. व्हिडिओचं शुल्क आवाक्याबाहेरचं होतं, ऑडिओचं वर्गणी काढून भरलं.

तिन्ही गाणी चढवली आणि दुसऱ्याच आठवड्यात नाट्यपदावर दावा आला. एका कंपनीकडच्या जुन्या रेकॉर्डिंगशी चाल जुळते असं स्वयंचलित यंत्रणेने ठरवलं होतं. असा दावा म्हणजे शिक्षा नव्हे, त्याला उत्तर देता येतं. मी तीन ओळी लिहिल्या: शब्द खाडिलकरांचे, निधन १९४८, चाल भास्करबुवांची, निधन १९२२, रेकॉर्डिंग आमचं स्वतःचं, वादक अमुक. दावा मागे घेतला गेला. भावगीताखाली गीतकार आणि संगीतकाराचं नाव, 'परवानगीने' हा शब्द आणि परवानगीची तारीख आहे. पुढच्या गाण्यासाठी काकांनी आता किर्लोस्करांचं 'सौभद्र' काढलंय. अण्णासाहेब १८८५ साली गेले, तारीख त्यांनी स्वतःच आधी बघून ठेवली होती.