खांदेरीचं पाणी टेबलावर उतरवताना

१६७९ ची खांदेरीची लढाई, म्हणजे बेटावरच्या नव्या किल्ल्यावरून शिवाजी महाराजांचं आरमार आणि मुंबईचे इंग्रज यांच्यात झालेली, छोट्या प्रतिकृती घेऊन टेबलावर खेळायची असं ठरवलं, तेव्हा माझं सगळं लक्ष बेटावर होतं. दोन टेकड्या, मधला खोलगट भाग, तटबंदी. खरं काम पाण्याचं आहे, हे बऱ्याच उशिरा कळलं.

सुरुवातीलाच माप अडलं. माझी जहाजं १:१२०० ची. त्याच मापाने अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यापासून खांदेरीपर्यंतचं सुमारे पाच किलोमीटर अंतर चार मीटरच्याही वर जातं, आणि परळची आमची खोलीच तेवढी नाही. म्हणून जहाजं तशीच ठेवली आणि जमीन-पाणी १:५००० ला घेतलं. म्हणजे एक किलोमीटरला वीस सेंटिमीटर. दोन फुटी चौकोनी सहा फळ्या केल्या. जोडल्या की सहा बाय चार फूट, सोडवल्या की दिवाणात. या मापात तीस मीटरची टेकडी जेमतेम सहा मिलिमीटर भरते, म्हणून बेटाची उंची तिप्पट धरली. नजरेला तेच खरं वाटतं.

तटबंदीवर मी फार जीव लावला होता, बुरुज न् बुरुज. मग तारखा नीट लावून पाहिल्या. महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींच्या माणसांनी ऑगस्टमध्ये किल्ल्याचं काम सुरू केलं आणि मोठी लढाई झाली १८ ऑक्टोबरला. किल्ला तेव्हा उभा राहत होता! सगळं खरवडून काढलं. जागोजागी अर्धी भिंत आणि दगडांचे ढीग ठेवले. शेजारचं उंदेरी बेट तर पूर्ण मोकळं, कारण जंजिऱ्याचा सिद्दी तिथे जानेवारी १६८० मध्ये बसला. दीपगृह १८६७ चं, त्यामुळे तेही नाही.

थर्माकोलवर थेट स्प्रे मारू नका. रंगातलं द्रावक त्याला खातं. माझी पहिली उंदेरी अशीच विरघळली. आधी फेव्हिकोलचे दोन हात, मग ब्रशने अ‍ॅक्रिलिक. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. फेव्हिकोल दिवसेंदिवस ओला राहिला, एमडीएफच्या फळ्या पापडासारख्या वळल्या. नव्या फळ्या दोन्ही बाजूंनी रंगवल्या, खाली पट्ट्या ठोकल्या, तेव्हा सरळ राहिल्या. लाटांसाठी चुरगळलेला टिश्यू पेपर पातळ फेव्हिकोलमध्ये बसवला, वर चकचकीत वॉर्निश.

हे सगळं एकसारखं निळं रंगवून मोकळा झालो होतो. नंतर एका रविवारी गेटवेहून मांडव्याची बोट पकडून थळला गेलो. तिथले एक तांडेल (होडीचे प्रमुख) काका भेटले. फोनवर फळ्यांचे फोटो दाखवले, तर त्यांनी बेटाकडे पाहिलंच नाही. खडक कुठे आहेत, उथळ कुठे आहे, उधाणाला (मोठ्या भरतीला) आणि भांगाला (लहान भरतीला) पाण्यात किती फरक पडतो, हेच विचारत राहिले. माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं.

घरी येऊन सागरी नकाशा समोर ठेवला आणि पाणी पुन्हा रंगवलं, तीन पट्ट्यांत: फिकट हिरवं, मधलं निळं, गडद. छोटी गलबतं तिन्हीत जातात, त्यांच्यापेक्षा मोठ्या गुराबा निळ्या आणि गडद पट्टीत, इंग्रजांची मोठी जहाजं फक्त गडद पाण्यात. इंग्रजांनी बेटाभोवती घातलेल्या नाकेबंदीतून रसद बेटावर कशी पोचत राहिली, ते मग टेबलावर दिसायला लागलं. रात्री वल्ही मारत जाणाऱ्या सपाट तळाच्या होड्यांना वारा लागत नाही आणि फार खोलीही लागत नाही.

परवा पहिला डाव मांडला. मी इंग्रजांकडून, मित्र मराठा आरमाराच्या दौलतखानाच्या जागी. खऱ्या लढाईत इंग्रजांचं डव्ह हे जहाज मराठ्यांच्या हाती लागलं आणि त्यांचं दुसरं जहाज रिव्हेंज एकटं झुंजत राहिलं. आमच्या डावात डव्ह वाचलं. पण मित्राची तटबंदीसाठी दगड भरलेली चार गलबतं हिरव्या पट्टीतून सरकत बेटाला लागली, आणि माझं रिव्हेंज गडद निळ्याच्या कडेला उभं.

आता ओहोटीसाठी खडकांचे सुटे तुकडे कापतोय. काकांना ते दाखवायला पुन्हा थळला जायचंय.