निळं हवंय, पण रंगवलेलं नको

मी लग्नात फुलांची सजावट करतो. निळी फुलं हवीत असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, रंगवलेली चालतील का? बऱ्याच जणांना हा प्रश्नच कळत नाही. पुण्यात गुलटेकडीच्या फूलबाजारात निळा गुलाब, निळी शेवंती, निळं ऑर्किड सगळं दिसतं, मग ते कुठंतरी उगवतच असणार असं लोक धरून चालतात. गुलाबात निळा रंग तयारच होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीनं पॅन्सीच्या फुलातला जीन घालून २००४ साली निळा गुलाब जाहीर केला, २००९ पासून तो तिकडे विकायला आला, पण तोही बघितला तर फिका जांभळाच आहे. आपल्याकडचं निळं ऑर्किड म्हणजे बहुतेक थायलंडचं पांढरं डेंड्रोबियम जातीचं ऑर्किड, देठातून रंग पाजलेलं. पाजलेला रंग शिरांमध्ये गडद दिसतो, देठही निळसर होतो. स्प्रे मारलेल्याचा देठ हिरवागार राहतो, पण पाकळ्यांच्या कडा चिकटतात आणि ओलं बोट फिरवलं की रंग हाताला येतो. कुणाच्या पैठणीला लागला तर काय सांगणार? मार्केटमधले आमचेच काही लोक हा माल इम्पोर्टेड म्हणून खपवतात, त्याची मला मनापासून चीड आहे.

तर मे महिन्यातलं लग्न होतं, सिंहगड रस्त्याकडचं लॉन, गोरज मुहूर्त. मुलीनं पहिल्याच मीटिंगला मोबाइलवर फोटो दाखवला आणि माझा प्रश्न ऐकून म्हणाली, दादा, रंगवलेलं एकही फूल नको, शेड थोडी इकडेतिकडे झाली तरी चालेल. इतकं स्पष्ट बोलणारं गिऱ्हाईक क्वचित मिळतं. तिच्या मनात हारात गोकर्ण होतं. पण गोकर्ण सकाळी उमलतं आणि संध्याकाळपर्यंत मान टाकतं, गोरज मुहूर्ताला त्याचा उपयोग नाही, शिवाय तिच्या आजी म्हणाल्या, अगं ते महादेवाला नाहीतर शनीला वाहतात, लग्नाच्या हारात नको. मग हार गुलछडी आणि गुलाबाचे ठरले आणि निळं सगळं स्टेजवर.

स्टेजला उटीचा हायड्रेंजिया, म्हणजे मोठ्या गोल गुच्छांचं फूल, आणि उंचीसाठी बाहेरून मागवलेलं डेल्फिनियम, उंच दांडीवर ओळीनं फुलणारं. हायड्रेंजियाचा रंग मातीवर जातो. माती आम्लधर्मी असेल तर झाडाला अ‍ॅल्युमिनियम मिळतं आणि फूल निळं होतं, नाहीतर गुलाबी, आणि मधली माती असेल तर मधला जांभळट रंग. माल बेंगळुरूवरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आला, बॉक्स उघडले तर निम्मे गुच्छ छान निळे आणि बाकीचे मावळतीसारखे जांभळट. वर मे महिन्याचा उकाडा, त्यामुळे गुच्छ माना टाकून आलेले. मग देठ तिरके कापायचे, टोक तुरटीच्या पावडरीत बुडवायचं आणि फुलाचं अख्खं डोकं पाण्यात बुडवून ठेवायचं, कारण हे फूल देठाबरोबर पाकळ्यांतूनही पाणी पितं. माझी पोरं हे काम सुंदर करतात, दुपारपर्यंत जवळजवळ सगळे गुच्छ उभे राहिले.

डेल्फिनियम लॉनवाल्यांच्या एसी खोलीत ठेवलेलं. काही तासांनी बघायला गेलो तर खाली निळा सडा. केटरिंगवाल्यानं आमरसाच्या हापूसच्या पेट्या तिथंच आणून रचल्या होत्या. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन गॅस निघतो आणि डेल्फिनियमला तो अजिबात सोसत नाही, पाकळ्या गळून जातात. आम्ही आधी सांगून खोली घेतली होती, तरी त्याचं म्हणणं, फुलांना आंब्याचा काय त्रास? लॉनच्या मॅनेजरनं कुणाची बाजू घेतली नाही. फुलंच हलवली, तरी बरीचशी दांडी उघडी पडली. ती मागच्या बाजूला लावली आणि पुढे सगळा हायड्रेंजिया घेतला, म्हणजे जांभळट गुच्छही पुढे आले.

चारच्या सुमाराला मुलीचे वडील स्टेजपाशी आले. म्हणाले, अहो, हे जांभळं दिसतंय, मी निळ्याचे पैसे देतोय. मी आधी लाइटवाल्याला पिवळे दिवे काढून पांढरे लावायला लावले, कारण पिवळ्या उजेडात निळं फूल राखाडी, मळकट दिसतं आणि हे लाइटवाल्यांना दरवेळी नव्यानं सांगावं लागतं. फरक पडला, पण त्यांचं समाधान झालं नाही. म्हणाले, दोन कॅन स्प्रे मारा की, लांबून कुणाला कळतंय? मी म्हणालो, काका, ताईंनी रंगवलेलं नको म्हणून सांगितलंय, त्यांना एकदा विचारू. ते म्हणाले, ती मेकअपला बसलीय, तिला त्रास देऊ नका, पैसे मी देतोय.

मी स्प्रे मारला नाही. त्यांचा राग मला कळत होता, पाहुणे यायची वेळ झालेली, आयुष्यभराची पुंजी लावलेली, आणि वीस फुटांवरून खरंच कुणाला कळलं नसतं. पण मुलीनं बाकी सगळं सोडून एवढी एकच गोष्ट मागितली होती.

रिसेप्शनला ती स्टेजवर आली तेव्हा तिनं एक गुच्छ हातात धरून बघितला, नेमका जांभळटच, आणि मला विचारलं, दादा, हे सगळं खरं ना? मी हो म्हणालो. वडील शेजारीच उभे होते, ते काही बोलले नाहीत.

नंतर त्यांनी बिलातून स्टेजची निम्मी रक्कम कापली. मी दोनदा फोन केला, मग सोडून दिलं. मुलीला यातलं काही माहीत नाही, तिचा फोटोंसकट मोठा मेसेज आला होता. तिला सांगायचं का, हे मला अजून ठरवता येत नाही, सांगितलं तर बापलेकीत उगाच वाद, आणि न सांगता माझी मजुरी गेली ती गेलीच. आता तिनं मैत्रिणीला माझा नंबर दिलाय, तिलाही निळंच हवंय. पहिल्या मीटिंगला वडिलांनाही घेऊन या असं मी तिला सांगितलंय.