मशीन गणपतीला गावी जात नाही

रत्नागिरीत एका पाच मजली इमारतीत मी साफसफाईचं काम करते. खाली दुकानं, वर ऑफिसं, एक दवाखाना, एक शिकवणीचा क्लास. २०११ पासून मी इथेच आहे, तेवढ्यात ठेकेदार तीन झाले. येणारा-जाणारा प्रत्येक जण मला मावशी म्हणतो. माझ्याबरोबर विशीतली एक पोर आहे, तिलाही मावशीच म्हणतात. सुरुवातीला तिला रडू यायचं. हातात बादली दिसली की माणसं नाव विचारत नाहीत.

२०२२ च्या मे महिन्यात आमच्याकडे फरशी घासायचं मशीन आलं. तेव्हापासून वरच्या ऑफिसातली मुलं अधूनमधून म्हणतात, "मावशी, आता रोबो येणार. मग तुमचं कसं?" चांगल्या मनानेच विचारतात. लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याचं उत्तर देऊन होत नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी काम काय असतं ते सांगते. लोकांना वाटतं, लादी पुसणं.

मृगाचा पहिला पाऊस पडला की आमच्या दारात लाल पावलं उमटायला लागतात. इथली माती जांभ्याची. चपलेला चिकटून आत येते, आणि लादी पांढरी. ओल्या लाल पावलावर कुणी घाईने ओला पोछा फिरवला की झालं, माती पसरते आणि दोन लाद्यांमधल्या फटीत जाऊन बसते. मग दिवाळीपर्यंत फट गुलाबी. म्हणून दारात गोणपाट टाकायचं, दर दोन तासांनी उचलून झटकायचं, दुसरं टाकायचं. उघडीप असेल तर पावलं वाळू द्यायची, फुलझाडूने माती हलकेच सुपडीत घ्यायची, पुसायचं सगळ्यात शेवटी. जुलैत काही वाळत नाही. तेव्हा वायपरने चिखल एका बाजूला ओढायचा, सुपडीत भरायचा, मग स्वच्छ पाण्याचा पोछा, आणि ते पाणी प्रत्येक मजल्याला बदलायचं. पाणी न बदलता पुसणं म्हणजे खालची माती वर नेऊन लावणं. हे मला कुणी शिकवलं नाही. पहिल्या वर्षी मी पूर्ण तळमजला गुलाबी केला होता आणि फटी घासण्यात दसरा गेला होता.

मागचा जिना पश्चिमेला उघडा आहे, पाऊस सरळ आत येतो. पायऱ्या कडप्प्याच्या. तिथे चार दिवसांत शेवाळ धरतं आणि ते हिरवं दिसतच नाही. पायरीच्या कडेला नुसती काळसर चकाकी येते. हात फिरवला की साबण लावल्यासारखं बुळबुळीत लागतं. मी रोज सकाळी त्या जिन्याच्या कडा बोटाने चाचपत वर जाते. लागलं की ब्लिचिंग पावडर भिजवून लावायची, दहा मिनिटं थांबायचं, तारेचा नव्हे तर कडक प्लास्टिकचा ब्रश घ्यायचा, भरपूर पाणी मारायचं. आणि त्याच्या आसपास संडासाचं अ‍ॅसिड येऊ द्यायचं नाही. आधीच्या एका ठेकेदाराकडून अ‍ॅसिड पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत यायचं, चिठ्ठी नाही, काही नाही. एकदा नव्या आलेल्या बाईने मोरीत दोन्ही एकावर एक ओतलं. ब्लिचिंग आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. तिला ओढून बाहेर काढलं तेव्हा डोळ्यांतून पाण्याच्या धारा, श्वास लागेना, संध्याकाळपर्यंत खोकत होती. त्या दिवसापासून बाटल्यांवर नावं मी स्वतः लिहिते, रंगाने मोठ्या अक्षरांत.

खाऱ्या वाऱ्याने जिन्याच्या स्टीलच्या कठड्यावर तांबूस ठिपके येतात ते वेगळं, भिंतीला बुरशी येते ती वेगळी. असं पुष्कळ आहे.

आता मशीन. त्याची मी निंदा करणार नाही. पुढच्या टाकीत साबणाचं पाणी, खाली गोल फिरणारा ब्रश, मागे रबराची पट्टी आणि घाण पाणी ओढून घेणारी दुसरी टाकी. दोन्ही हातांनी धरून त्याच्या मागोमाग चालायचं. ज्या पॅसेजला मला हाताने चाळीस मिनिटं लागायची तो पंधरा मिनिटांत होतो, आणि मागे लादी जवळजवळ कोरडी, कुणी घसरत नाही. अकरा वर्षं वाकून माझी कंबर गेली होती. मशीन आल्यावर दोन महिन्यांत रात्रीची कूस बदलता यायला लागली. हे मी विसरणार नाही. कुणी म्हणालं, मशीन परत पाठवू, तर मी पाठवू देणार नाही.

पण त्याचंही करावं लागतं. घाण पाण्याची टाकी रोज धुतली नाही तर दुसऱ्या दिवशी गटारासारखी घाण येते. रबराच्या पट्टीत केस, खडा अडकला की मागे पाण्याची रेघ राहते. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघावी लागते, रात्रभर चार्जिंगला लावावं लागतं. हे सगळं आता मी करते.

मशीन मे महिन्यात आलं आणि जूनमध्ये आमच्या पाच जणींतल्या दोघींना काढलं. त्यातली एक आक्का, माझ्याहून मोठी, नवरा नाही. ती काजूच्या कारखान्यात जायला लागली. तिथे टरफलाच्या चिकाने बोटं काळी पडतात, साल निघते. एकदा बाजारात भेटली तर हात पदरात धरून बोलत होती.

ऑगस्टमध्ये आम्ही उरलेल्या तिघींनी गणपतीची सुट्टी मागितली. त्या वर्षी गणपती ३१ ऑगस्टला बसले. माझं गाव लांजा तालुक्यात, घरी पाच दिवसांचा गणपती, तेरड्याची गौर आणायला घरातली बाई पाहिजे. कोकणात ही सुट्टी मागताना कुणाला कारण सांगावं लागत नाही, मुंबईचा चाकरमानी नोकरी सोडून येतो. ठेकेदार म्हणाला, "मशीन गणपतीला गावी जात नाही, मावशी." रागावून म्हणाला असता तर मी विसरले असते. तो हिशेब सांगावा तसा म्हणाला.

आम्ही बिनपगारी रजा टाकून गेलो. त्याने दुसऱ्या जागेवरून एक मुलगा आणला आणि मशीन दिलं त्याच्या हाती. पाच दिवस पाऊस होता. सहाव्या दिवशी सकाळी मी आले तर तळमजल्याची एकेक फट गुलाबी, आणि मशीनच्या टाकीचं झाकण उघडवेना एवढा वास. मुलाचा दोष नव्हता. मशीनला ब्रश होता, पाणी होतं, साबण होता. गोणपाट झटकायला, आधी माती उचलायला कुणी सांगितलंच नव्हतं. ब्रशने लाल मातीचा नीट काला करून फटीत भरला होता.

त्या दिवशी मी एक वही केली. दहावीपर्यंत शिकले आहे, हिशेब येतो. कुठलं काम किती मिनिटांत झालं ते महिनाभर रोज लिहिलं. पाच मजल्यांचे पॅसेज, दिवसातून दोनदा. हाताने ४०० मिनिटं लागायची. मशीनने १५० मिनिटं, अधिक पाणी भरणं, टाकी धुणं, लिफ्टने वरखाली नेणं मिळून ४५. म्हणजे दिवसाला मशीनने वाचवले २०५ मिनिटं, साडेतीन तासही पुरे नाहीत. आणि दोन बायका काढल्या म्हणजे काढले सोळा तास. मधले साडेबारा तास गेले कुठे? आम्हा तिघींच्या अंगावर. संडास मशीन धूत नाही. जिने, काचा, भिंती, कठडे, दवाखान्यातला कचरा वेगळा करणं, यातलं एकही काम एका मिनिटाने कमी झालेलं नव्हतं.

ही वही मी इमारतीच्या सेक्रेटरींना दाखवली. त्यांनी दोनदा बेरीज केली. म्हणाले, "हे आम्हाला कुणी असं सांगितलंच नाही." जानेवारीत एक जागा परत भरली आणि मशीन चालवण्याचे मला महिना हजार रुपये वाढवून मिळाले. दुसरी जागा गेली ती गेली. आक्काला निरोप पाठवला तर ती म्हणाली, गुडघे आता पाच मजले चढायचे नाहीत. तिने आपल्या भाचीला पाठवलं. तीच ती पोर.

त्याच दरम्यान प्रॉव्हिडंट फंडाचं झालं. ठेकेदाराकडे गावातल्या सगळ्या जागा मिळून आम्ही २२ जण होतो, मशीनं आल्यावर १८ उरलो. एक दिवस पगारातून फंड कापणं बंद झालं. विचारलं तर म्हणे, २० च्या खाली आलो, आता लागू नाही. दुसऱ्या मजल्यावर हिशेब लिहिणारे एक दादा बसतात, त्यांनी सांगितलं की १९५२ च्या कायद्यात एकदा फंड लागू झाला की नंतर माणसं २० पेक्षा कमी झाली तरी तो बंद करता येत नाही. आम्ही अर्ज केला, ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठे दिले. दोन महिन्यांनी कापणं सुरू झालं आणि मधले दोन महिनेही भरले. आता मी दर महिन्याला मोबाइलवर पासबुक उघडून बघते. मशीन येताना काय काय बरोबर घेऊन जायला बघतं ते मला असं कळलं, एकेक करून.

रोबोचं विचारतात त्यावर हेही. तिसऱ्या मजल्यावरच्या एका ऑफिसने गोल, चकतीसारखा झाडूवाला रोबो आणलाय. तिथल्या एका मुलाने सांगितलं, अमेरिकेत रूम्बा नावाचा असा रोबो २००२ सालीच विकायला आला होता. मी एकदा त्या रोबोला दाराबाहेर पॅसेजमध्ये आलेला बघितला. सरळ मागच्या जिन्याच्या तोंडाशी गेला, कडेला थांबला, वळला, परत गेला. पडू नये म्हणून खाली कड ओळखायची सोय असते त्यात. हुशार आहे. ज्या कडेला तो थांबतो तिथून माझं शेवाळाचं काम सुरू होतं. उद्या जिना चढणाराही येईल, येऊ दे. मला बोटांनी कडा चाचपायची हौस नाही.

पण एक मशीन मला आमच्याकडे अजून कुठे दिसत नाही आणि ते सगळ्यात आधी यायला हवं होतं. २०१९ मध्ये आमची सेप्टिक टाकी तुंबली. तेव्हाच्या ठेकेदाराच्या माणसाने एका पोराला आणलं, पाचशे रुपये देतो, आत उतर आणि बांबूने ढवळ म्हणाला. पोरगं कमरेला दोरी बांधत होतं. मी आणि वॉचमन भाऊ झाकणावर जाऊन उभे राहिलो. आत वायू असतो, माणूस दुसरा श्वास घेत नाही, हे मला माझ्या भावकीतल्या एका मरणाने शिकवलंय. माणसाला असं उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि मेल्यावर घरच्यांना द्यायची भरपाई सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. तरी माणसं उतरवतात. त्या दिवशी शेवटी उपसणारी गाडी मागवली, तीन तास उशिरा आली, पण पोरगं घरी गेलं. केरळात, तिरुवनंतपुरमला, मॅनहोलमध्ये उतरणारं बँडिकूट नावाचं यंत्र तरुण इंजिनिअरांनी २०१८ मध्येच कामाला लावलं. आमच्या पॅसेजसाठी मशीन घ्यायला पैसे निघतात, कारण पॅसेज चकचकीत झालेला सगळ्यांना दिसतो.

या मार्चमध्ये ठेका पुन्हा निघणार आहे. सेक्रेटरींना मी तीन गोष्टी लिहून दिल्या आहेत. मशीन चालवणारीला मशीनचं शिक्षण आणि वेगळा दर. माणसं कमी करायची तर आधी वहीतले तास बघायचे. गणपतीच्या पाच दिवसांची बदली माणसं आठ दिवस आधी आणून आमच्याबरोबर काम करायला लावायची, म्हणजे गोणपाट कसं झटकतात ते त्यांना कळेल. त्यांनी कागद घेतलाय. बघू.

आक्काची भाची आता मशीन माझ्यापेक्षा चांगलं वळवते, खांबाभोवती तर एका फेरीत. मशीनला एक तक्ता लटकवलेला असतो, तारीख, वेळ, बॅटरी, आणि चालवणाऱ्याचं नाव. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "मामी, इथे काय लिहू?" मी म्हटलं, तुझं नाव लिही. तिने बापाच्या नावासकट, आडनावासकट, रकान्याच्या बाहेर जाईल एवढं लांब लिहिलं. अजून रोज तसंच लिहिते. अक्षर छान आहे तिचं.