राउटरनं थोडं वाकावं

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास टेकला की सगळं घर कूलरच्या खोलीत गोळा होतं. कपाटात पडलेला २००८-०९ चा लॅपटॉपही मग तिथंच उघडला जातो. चालू मुकाट्यानं होतो, वायफायच्या खुणेवर तेवढी लाल फुली.

विंडोज नव्यानं टाकायच्या आधी लॅपटॉपच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवा. तिथं नखाएवढं सरकतं बटण असतं. पिशवीतून काढता-घालता ते बंद होतं, वर धूळ बसते, आणि ते आहे हेच घर विसरतं. ते नसेल, तर एफएन धरून अँटेनाचं चित्र असलेली कळ दाबायची.

पुढची तक्रार ठरलेली: शेजाऱ्यांचं नेटवर्क दिसतं, आपलंच दिसत नाही. त्या काळातल्या लॅपटॉपमधल्या बऱ्याच वायफाय कार्डांना फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ऐकू येतात, ५ चा पट्टा त्यांच्या गावीच नसतो. त्यातून कार्ड अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेलं असेल, तर ते ११ च्या पुढचं चॅनल (त्या पट्ट्यातली क्रमांकाची वाट) पाहत नाही आणि राउटर नेमका १३ वर बसलेला असतो. राउटरमध्ये २.४ सुरू करून चॅनल १, ६ किंवा ११ ठेवा. मोबाइलच्या हॉटस्पॉटलाही २.४ च निवडा.

नाव दिसतं, पासवर्ड बरोबर, तरी नकार? राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या कुलपावर असणार. ते २०१८ चं, आणि आपल्या कार्डाची मजल २००४ च्या डब्ल्यूपीए२ पर्यंत. ‘कसा शे रे?’ असं आजीनं विचारल्यावर पुण्याच्या नातवानंच अहिराणीत उत्तर द्यायचं असतं. इथंही वाकायचं राउटरनं: सुरक्षेच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२, एईएस निवडा. त्याच्याही खाली, डब्ल्यूईपी या त्याहून जुन्या पद्धतीवर, मात्र उतरू नका, ते कुलूप केव्हाच फुटलंय.

एवढं करूनही राउटरला चिकटून बसलं तरच रेंज मिळत असेल, तर खालचं झाकण उघडा. बॅटरी आधी काढा. छोट्या हिरव्या कार्डावर एक काळी, एक पांढरी अशा दोन बारीक वायरी, टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी सोनेरी टोपी. ती निसटलेली असते. सरळ वरून बोटानं दाबायची, ‘टिक’ जाणवली की बसली. तिरकी दाबली तर खालची खुंटी मोडते. कार्डच मेलं असेल तर दुसरं घेण्याची घाई नको. काही लॅपटॉपचं बायोस (विंडोजच्या आधी जागं होणारं आतलं सॉफ्टवेअर) अनोळखी कार्ड दिसताच सुरू व्हायलाच नकार देतं. त्यापेक्षा बाहेरून खोचायचा यूएसबी वायफाय डोंगल बरा. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, उतरवायला इंटरनेट लागतं, ही गंमतच. पण अँड्रॉइड मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग केलं, म्हणजे मोबाइलचं नेट लॅपटॉपला दिलं, की तेवढ्यापुरतं भागतं.

जोडणी झाली, तरी एकही साइट उघडेना? कोपऱ्यातली तारीख बघा. आतला ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं आणि साइटची प्रमाणपत्रं त्याला अजून जन्मलेलीच वाटत नाहीत. तारीख सुधारा, सवडीनं सेल बदला.

आणि दुपारी चारनंतर कांड्या एकदम घटल्या, तर दोष कूलरचा. पत्र्याचं अंग, ओल्या जाळ्या आणि काठोकाठ टाकी राउटरच्या वाटेत उभी असते. लॅपटॉपच इकडे सरकवा. कूलर हलवायला त्या वेळी घरातलं कुणी तयार होणार नाही.