पायाखालचे ८ मिलिमीटर : काइटबोर्डच्या पॅडवर चढवलेला थर

उत्तर गोव्यातील मोरजी, आश्वे, मांद्रे या पट्ट्यात दुपारनंतर वायव्येकडून जो समुद्री वारा सुटतो, तो बहुधा १२ ते १५ नॉटांच्या आसपास घुटमळतो. त्यामुळे मोठा काइट, म्हणजे आपल्याला पाण्यावरून ओढणारा पतंग, आणि पायाखाली रुंद, सपाट बोर्ड घेऊनच पाण्यात उतरावे लागते, आणि त्याच वाऱ्याने उठवलेल्या आखूड, टोचऱ्या लाटांवर असा बोर्ड जितका रुंद, तितका जोरात आपटतो. हे धक्के शेवटी मागच्या पायाच्या टाचेत जमा होतात, कारण टाचेकडच्या कडेवर बोर्ड कलता ठेवून अपविंड, म्हणजे वारा येतो त्या दिशेकडे, जाताना शरीराचा बराचसा भार तिथेच असतो. माझ्या १४० × ४२ सेंटीमीटरच्या ट्विन टिप (दोन्ही टोके सारखी असलेल्या) बोर्डवरील मूळ पॅड, म्हणजे पाय ठेवायच्या फोमच्या गाद्या, टाचेखाली जेमतेम ९ मिलिमीटर जाड होते आणि वापरून वापरून त्यांतला जीवही गेला होता. समुद्र बंद असलेल्या पावसाळी महिन्यांत त्यांवर आणखी एक थर चढवण्याचे काम हाती घेतले. त्याचा हा वृत्तान्त.

जाड पॅडकडून नेमकी कशाची अपेक्षा ठेवायची, हे आधी ठरवणे आवश्यक होते. २ मीटर उंचीवरून मोकळेपणाने खाली येणाऱ्या शरीराचा वेग सेकंदाला सुमारे ६.३ मीटर होतो. डोक्यावरचा काइट पुष्कळसा भार उचलून धरतो हे खरे. तरीही उरलेला धक्का ५-७ मिलिमीटर दबणारा फोम गिळून टाकील, असे मानणे भाबडेपणाचे आहे. तो धक्का जिरवतात ते वाकणारे गुडघे आणि घोटे, तसेच पाण्याला लागताच पुढे निसटणारा बोर्ड. पॅडचे काम निराळे आहे : टाचेच्या एका बिंदूवर येणारा दाब तळव्याभर पसरवणे आणि लाटांची बारीक, अखंड थरथर पायापर्यंत पोहोचू न देणे. फोम फार मऊ असेल, तर टाच त्यातून थेट तळाला जाऊन टेकते आणि जाडी असून नसल्यासारखी होते. म्हणूनच जाडीपेक्षा कडकपणाची निवड अधिक महत्त्वाची, असे माझे मत आहे, आणि पुढील सारे काम त्याच मताला धरून केले आहे.

मालासाठी सर्फिंगच्या दुकानात जाण्याची गरज पडली नाही. मुंबईत चेंबूरजवळच्या ठक्करबाप्पा कॉलनीत चपला-बूट बनवणाऱ्यांची मोठी वस्ती आहे आणि त्यांना लागणारी ईव्हीए शीट, म्हणजे तळव्यांसाठीच्या फोमची शीट, तिथे हव्या त्या जाडीत, हव्या त्या कडकपणात मिळते. दुकानदार अंगठ्याने दाबून माल ओळखतात, आणि ही परीक्षा वाटते त्याहून बरीच भरवशाची असते. मी कडक ईव्हीए ५ मिलिमीटर, मध्यम ईव्हीए ३ मिलिमीटर आणि एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, ५ मिलिमीटर असे तीन तुकडे घेतले. एमसीआर आपल्याकडे मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने संवेदना गमावलेल्या पायांच्या चपलांत वापरले जाते. त्याचा कडकपणा साधारण १५ शोअर ए (रबराचा कडकपणा मोजण्याचे माप) इतका कमी असतो, आणि एका जागी येणारा दाब पसरवण्यासाठीच ते निवडलेले असते. आपल्या टाचेची मागणी काही वेगळी नाही. व्यायामशाळेत जमिनीवर एकमेकांत अडकवून घालतात त्या १२ मिलिमीटरच्या मॅटचा मोह अनेकांना होतो; ती स्वस्त आहे, पण इतकी मऊ की टाचेखाली लवकरच कायमची बसते.

तिन्ही तुकडे वजन ठेवून रात्रभर खाऱ्या पाण्यात बुडवले आणि सकाळी पुसून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलले. कुणाच्याही वजनात दखल घेण्याजोगा फरक नव्हता, म्हणजे फोमची छिद्रे बंद होती. तुलनेसाठी ठेवलेला सोफ्याच्या फोमचा तुकडा मात्र पाणी पिऊन टम्म फुगला होता.

नवा थर मूळ पॅडच्या खाली घालायचा की वर, हा या कामातला सर्वांत कळीचा प्रश्न आहे. खाली घातला, तर पॅडचा पृष्ठभाग आणि अंगठ्याकडची उभट पट्टी जशीच्या तशी राहते. पण मऊ थरावर बसलेली पॅडची प्लॅस्टिक पट्टी प्रत्येक धक्क्याला डुलते, आणि डुलणारी वस्तू आवळून धरणारा स्क्रू आज ना उद्या ढिला होतोच. शिवाय लांब स्क्रू लागतात. बोर्डमधील इन्सर्टची, म्हणजे स्क्रू ज्यात बसतो त्या आटे असलेल्या खोबणीची, खोली व्हर्नियर कॅलिपरच्या शेपटीने मोजली, तर ती ११ मिलिमीटर भरली. एम६ स्क्रूचे किमान ६ मिलिमीटर आटे आत गुंतायला हवेत आणि टोक तळाला टेकता कामा नये, कारण टेकलेला स्क्रू आवळत गेल्यास इन्सर्ट उचकटतो किंवा बोर्डच्या खालच्या थराला फुगवटा येतो. ज्यांना खालूनच उंची वाढवायची असेल, त्यांनी नायलॉनचा कडक तुकडा वापरावा आणि स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. मी वरचा मार्ग धरला.

वरच्या मार्गात मूळ स्क्रू चालतात, पण पृष्ठभागावर मेहनत अधिक लागते. साच्यातून निघालेल्या पॅडला गुळगुळीत कातडे आणि खाचा असतात. त्यांवर कोणताही गोंद धरत नाही. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खाचा सपाट होईपर्यंत घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मग थर बसवले : खाली पूर्ण तळव्याएवढे कडक ईव्हीए, त्यात टाचेच्या जागी ६५ × ५५ मिलिमीटरचा लंबगोल कापून काढून तिथे एमसीआरची चकती, आणि या दोहोंवर मध्यम ईव्हीएचे आवरण. चकती रापीने, म्हणजे चांभाराच्या कातडे कापायच्या हत्याराने, कापली. कटरची पाती रबरात वाकते आणि कड तिरकी येते, रापी मात्र सरळ उतरते. अंगठ्याकडची मूळ पट्टी १० मिलिमीटर उंच होती. ८ मिलिमीटर थरानंतर ती नावापुरती उरली असती, म्हणून तिच्यावर कडक ईव्हीएची वेगळी पट्टी जोडली. पायाची बोटे तिला धरूनच बोर्ड आवरतात, त्यामुळे ही पायरी गाळू नये.

चिकटवण्यासाठी फेव्हिकॉल एसआर ९९८ वापरला. दोन्ही बाजूंना पातळ हात देऊन बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचे आणि मग जोडायचे, ही त्याची रीत. पावसाळ्यात एक अडचण येते : द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली आर्द्रता त्यावर बसते आणि गोंदावर पांढुरकी साय धरते. अशी साय दिसली की जोड कच्चा राहणार, हे नक्की समजावे. यासाठी खोली बंद करून केस वाळवण्याच्या ड्रायरने दोन्ही भाग आधी कोमट केले. हा गोंद एकदा टेकला की हलवू देत नाही, म्हणून दोन्ही थरांमध्ये बटर पेपर ठेवून आधी कडा जुळवल्या, टाचेकडून चार बोटे कागद मागे ओढून तेवढा भाग दाबला, आणि कागद थोडा थोडा काढत अंगठ्याकडे सरकत गेलो. हवेचा एकही फुगा राहिला नाही. त्यानंतर २४ तास फळीखाली दाबून ठेवले.

पॅड वर आला की स्ट्रॅपखालची, म्हणजे पाय अडकवण्याच्या पट्ट्याखालची, जागा तेवढीच कमी होते. मी स्ट्रॅप बाहेरच्या भोकांत सरकवून वेल्क्रो सैल केला, आणि पडताना पाय आपोआप सुटतो की नाही, हे घरीच बोर्ड लादीवर ठेवून पुन्हा पुन्हा तपासले. अडकलेला पाय गुडघा पिरगाळतो; त्यापुढे टाचदुखी काहीच नाही. स्क्रूची विहीर आता खोल झाल्यामुळे तिच्यात वाळू साचते आणि स्क्रू काढण्याआधी ती धुऊन काढावी लागते, एवढा त्रास कायमचा मागे लागला आहे.

पहिली पडताळणी रामेश्वरमला झाली, कारण इकडे पाऊस असताना तिथे नैऋत्य वारा ऐन भरात असतो आणि पांबन बेटाच्या आडोशाच्या बाजूला पाणी सपाट मिळते. सपाट पाण्यात टाचेच्या सुखाची परीक्षा होत नाही. पण उभे राहण्यातला बदल तिथेच नेमका कळतो. पाऊल उंचावल्यामुळे बोर्ड कडेवर लवकर येतो, तरफ किंचित लांबल्यासारखी वाटते, आणि बोर्ड सपाट ठेवून सरळ जाताना मात्र तो थोडा चंचल होतो. कडक थर तळाशी असल्याने कडेवरचा दाब फोममध्ये हरवत नाही. याच कारणाने संपूर्ण थर एमसीआरचा करू नये, असे मी ठामपणे सांगेन.

खरी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये मांद्रेच्या चॉपवर, म्हणजे त्या आखूड, टोचऱ्या लाटांवर, झाली. टाचेच्या मधोमध उठणारी कळ नाहीशी झाली, आणि पोटरीतला ताणही कमी वाटला; उंच उडीनंतर सपाट पाण्यावर आपटले, तर गुडघ्यांना बसणारा हिसका मात्र पूर्वीइतकाच आहे. वजन प्रत्येक पॅडमागे ९० ग्रॅमच्या आसपास वाढले, ते पाण्यात जाणवत नाही, हातात धरून किनाऱ्यावर चालताना जाणवते.

हंगामाअखेर मागच्या पॅडची टाचेखालची जाडी १७ वरून १६ मिलिमीटरवर आली असून ही घट चकतीतच आहे. सभोवतालचे कडक ईव्हीए तसेच्या तसे आहे. पुढच्या पॅडवर झीज जवळजवळ नाही. त्यामुळे येत्या पावसाळ्यात फक्त मागचे आवरण उकलून तिथे २० शोअरच्या आसपासचे, थोडे कडक एमसीआर बसवणार आहे, आणि चकतीचा आकार मागच्या कडेकडे ५ मिलिमीटरने वाढवणार आहे, कारण आवरणावर उमटलेला टाचेचा ठसा लंबगोलाच्या तेवढाच बाहेर गेलेला दिसतो.